धुतलेल्या हातांचा ताप

१

मी दमणीतून उतरले तेव्हा दवाखान्याच्या फाटकातून दुसरी एक बैलगाडी बाहेर पडत होती. तिच्यात कडब्यावर एक तरणी बाई आडवी होती. अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तोंडावर माशी बसत होती आणि ती हाकलायला तिचा हात उठत नव्हता. गाडीमागून एक म्हातारी चालत होती. तिच्या पदराखाली सहा दिवसांचं पोर होतं.

माझं पांढरं लुगडं बघून म्हातारी थांबली. "तुमीबी अठलीच नर्स काय?"

"नाही, अकोल्याची."

"मंग वापस जा माय. अठी बायका पायानं आत जातात अन् गाडीत बाहेर येतात."

मी पिशवी उचलली आणि फाटकातून आत शिरले. माझं नाव कस्तुराबाई. अकोल्यात वीस वर्षं मी पोरींना नर्सिंग शिकवलं. हात धुवायच्या जंतुनाशक औषधावरून पाठीमागे त्या मला लायसॉलबाई म्हणत, आणि मला ते ठाऊक होतं. हे लढाईच्या दिवसांतलं, बेचाळीसनंतरच्या वैशाखातलं आहे. मानोऱ्याच्या बाहेर गुलाबराव नावाच्या सरकीच्या व्यापाऱ्याने आईच्या नावाने सहा खाटांचं लाडकाबाई प्रसूतिगृह बांधलं होतं. तिथल्या डॉक्टर भगवंतरावांची दोन ओळींची चिठ्ठी मला आली होती : ताबडतोब या. बायका मरताहेत.

डॉक्टर साठीचे. ओसरीवर खुर्चीत बसले होते, पण बसल्यासारखे दिसत नव्हते, ठेवल्यासारखे दिसत होते.

"ही तिसरी," ते म्हणाले. "किन्हीराजा गावची हौसाबाई. पाच आठवड्यांत तीन. बाळंतपण नीट होतं, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो, सहाव्या दिवशी खलास. आणखी दोघी वाचल्या त्या सल्फाच्या गोळ्यांवर. आता गोळ्या संपल्या. अकोल्यात नाहीत, नागपुरात नाहीत, सगळ्या फौजेकडे."

"दवाखाना बंद करा मग. पांढरा चुना मारा, गाद्या जाळा."

"गुलाबराव तेच म्हणतात. पण चौथ्या खाटेवर लतीफा आहे."

ते मला आत घेऊन गेले. लतीफा कामरगावच्या एका बांगड्या भरणाऱ्या मनियाराची बायको. अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, अंगाने लहानशी. मला बघून तिने डोक्यावरची ओढणी सावरली.

डॉक्टर बाहेर येऊन हळू म्हणाले, "मूल पायाळू आहे. घरी पाठवली तर दोघंही जातील. इथे ठेवली तर..."

"कळा कधी?"

"आज-उद्या."

म्हणजे मला तेवढाच वेळ होता. आणि वर माझ्या उजव्या अंगठ्याला आठ दिवसांपासून नखुरडं झालेलं, पू भरलेलं. चिंधीत बांधलेला तो अंगठा मी डॉक्टरांना दाखवला आणि स्वच्छ सांगितलं, की मी बाळंतपणाच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही. हा नियम मीच शेकडो पोरींना घोकवला होता. लतीफाला वाचवायला मला फक्त डोळे आणि जीभ वापरता येणार होती.

२

सगळा गाव सोजरबाईवर खार खाऊन होता. ती दवाखान्यातली आया. त्याआधी तीस वर्षं तांड्यातांड्यांवर सुईणपण केलेली. मागच्या अंगणात ती हात धुवायची तसराळी घासत होती आणि गालात तंबाखूची गोळी होती.

"थुंक ती," मी म्हटलं.

थुंकली. माझ्याकडे पाहून न घाबरणारी बाई मला पुष्कळ दिवसांनी भेटत होती.

"पोलिसात देता काय मले?" ती म्हणाली. "गुलाबरावाचा मुनीम सकाळी बोलून गेला, का ह्या तांड्यावालीच्या हाताले इख हाय."

"नखं दाखव."

नखं मुळापासून कापलेली होती. हातावर जखम नाही, खरूज नाही.

"मेलेल्या तिघींना तू हात लावला होता?"

"पयलीले लावला. पाठ दाबून देल्ली. दुसरीच्या वक्ती मी घरी होती, नातीचं लगन होतं. अन् ह्या हौसाले तं म्या बोटबी नाही लावलं. नर्सबाईनं मले उंबऱ्याच्या आत येऊच नाही देल्लं. म्हणे, तू बाहेर राह्य, तुयामुळं होऊन राह्यलं सारं." तिने तसराळं दाणकन पालथं घातलं. "मंग आता कोणामुळं झालं, ते इचारा न तिले."

राग खरा होता आणि हिशेबही बरोबर होता. जिने हात लावला नाही तिच्यामुळे बाई मरत नाही.

परीट फय्याज दवाखान्याचे कपडे धुवायचा. मी त्याला भट्टीसमोर उभं केलं आणि म्हटलं, बोलू नको, करून दाखव. त्याने चादरी सोड्याच्या पाण्यात उकळल्या, काठीने उचलल्या, तारेवर वाळवल्या, घडी करून स्वच्छ फडक्यात बांधल्या. मला खोट काढता येईना आणि मला त्याचा थोडा रागच आला.

"कुंपणावर कधी वाळत घालतोस का? खरं सांग."

"नाही बाई. डॉक्टरसाहेबानं एकदा पाह्यलं होतं, तवापासून तौबा. चादर, फडकी, झगे, सारं उकयते. डाग राह्यला तं मंग मी काय करू?"

"कसला डाग?"

"नर्सबाईच्या झग्याचा. हळदीचा. डाव्या बाहीले आतून हमेशा पिवयं राह्यते. किती घासा, निघत नाही."

नर्सही माणूस असते, चूल तिलाही असते. भाजीच्या फोडणीचा डाग म्हणून मी ते सोडून दिलं. वीस वर्षं दुसऱ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगणाऱ्या बाईने सोडून दिलं!

मग खुद्द डॉक्टर. त्यांना विचारायला मला संकोच वाटला नाही. सकाळी ते बाहेरच्या खोलीत लोकांची गळवं फोडत आणि दुपारी त्याच हातांनी बाळंतपण करत. संशय घ्यायला यापेक्षा चांगला माणूस कुठे मिळणार?

"मीही स्वतःवर घेतला," ते म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. फाल्गुनापासून चार बाळंतपणं मी एकट्याने केली. कस्तुराबाई, त्या चौघींपैकी एकीलाही ताप आला नाही."

"आणि फाल्गुनापासूनच का मोजता?"

"फाल्गुनात रबरी हातमोजे संपले. मलाया जपान्यांच्या हातात गेला, रबर गेलं. तेव्हापासून आम्ही उघड्या हातांनी करतो."

"बाकीची बाळंतपणं कोणी केली?"

त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुमच्याच विद्यार्थिनीने."

३

गिरजा माझ्या हाताखाली पाच वर्षांपूर्वी शिकली होती. पहिल्या बाकावर बसायची, पहिली यायची. लग्न झालेल्या पोरी या कामाला मिळत नसत, हिला येऊ दिलं ते तिच्या नवऱ्याने. बापूराव नाव त्याचं, भला माणूस, आता फौजेत होता. मला बघून ती वाकून पाया पडली आणि पुन्हा सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"बाई, मी काहीच कमी नाही केलं हो. तुमी जसं शिकवलं तसंच करतो. तरी काहून होते असं?"

"दाखव कशी करतेस."

खोलीच्या दाराजवळ खिळ्याला तिच्या हिरव्या बांगड्या टांगलेल्या होत्या. कामावर येताना काढायच्या, जाताना घालायच्या. मला बरं वाटलं. तिने झग्याच्या बाह्या दुमडल्या, साबण घेतला, ब्रशने नखं घासली, बोटांच्या बेचक्या, तळवा, मनगट. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पुरी पाच मिनिटं. मग लायसॉलच्या तसराळ्यात हात बुडवले आणि बोटं छताकडे करून उभी राहिली, मी शिकवलं होतं तशी, पाणी कोपराकडे ओघळू देत.

"बाही कोपराच्या वर पाहिजे," मी खेकसले. "मध्यावरच दुमडलीस."

"झगा तंग हाय बाई. वर जात नाही." ती लाजली.

तो दोषही मला लहान वाटला. घरंदाज पोरी परक्या डॉक्टरसमोर दंड उघडा टाकायला लाजतात, हे मी वीस वर्षं बघत होते. तसराळं मी स्वतः उकळवून घेतलं. लायसॉलच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला, नाक झणझणलं. भेसळ नव्हती. आणि डॉक्टरही त्याच बाटलीतून, त्याच तसराळ्यात हात बुडवत होते.

दुपारी मी ओसरीवर बाळंतपणांचं रजिस्टर घेऊन बसले. ऊन असं, की अंगणातली कुत्रीसुद्धा डोळे मिटून होती. आत लतीफा पाणी मागत होती. तिचा नवरा जब्बार दाराच्या खांबाशी उकिडवा बसून उगाचच आपल्या बांगड्यांच्या पेटीचे बंद सोडत होता, बांधत होता.

फाल्गुनापासून अकरा बाळंतपणं. चार डॉक्टरांनी केलेली, ताप एकीलाही नाही. सात गिरजाने केलेली, ताप पाच जणींना. म्हणजे माझी सगळ्यात हुशार पोरगी. मी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आकडे तेच राहिले.

पण गिरजाच्या सातांपैकी दोघींना तापच आला नव्हता. त्या कोण? मी सोजरबाईला हाक मारली.

"एक ती इठोलीची," ती म्हणाली. "फाटकापाशी दमणीतच मोकळी झाली. नर्सबाई धावतच गेली, हात धुवाले येळ कुठी होता? दुसरी ह्या पायरीवर. तवाबी तसंच. धूळ, शेण, काय म्हणाल ते होतं. दोघीबी ठणठणीत हायेत पाहा."

"आणि ज्या पाच जणींना ताप आला, त्या वेळी?"

"त्या वक्ती तं चांगला घड्याळ लावून हात धुतला."

मी रजिस्टर मिटलं. गिरजाने हात धुतले की बाई मरत होती, आणि धुतले नाहीत की वाचत होती. माझं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं, तीच कोणीतरी उलटी करून माझ्यासमोर ठेवली होती.

त्याच वेळी आतून लतीफा ओरडली. कळा सुरू झाल्या होत्या.

४

डॉक्टर धावत आत गेले. मागोमाग गिरजा गेली. दार लोटलं गेलं आणि पाण्याचा आवाज येऊ लागला. तिने हात धुवायला घेतले होते.

पाच मिनिटं. ती एक सेकंद कमी करणार नाही, हे मला माहीत होतं. मला पाच मिनिटं होती.

आत जाऊन हिला हात लावू देऊ नका म्हणावं, तर कशावरून? आकड्यांवरून? पायाळू मुलाला दोन जोड हात लागतात. माझा अंगठा सडका, सोजरबाईवर डॉक्टरांचा विश्वास नाही. आणि खरं सांगायचं तर माझी जीभच रेटेना. ती पोरगी माझी होती.

जब्बार उठून माझ्याजवळ आला. घाबरलेला माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर बोलत सुटतो. हा बोलत सुटला.

"बाईजी, नर्सबाई चांगली हाये ना? लोक कायबी बोलतात. मी म्हणतो, बाई मोठी मायेची हाये. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

"काय पाहिलं?" मी दाराकडे कान लावून विचारलं.

"शिमग्याले बजारात मायाकडं आली होती. मले वाटलं बांगड्या भराले आली. तं म्हणे, भाऊ, थोडी लाख द्या. पिचलेली बांगडी जोडाची हाये. म्या हसलो. म्हटलं, बाई, पिचलेली कोणी जोडते काय? आणा हात, वाढवून देतो, चार आण्यात डझन नव्या भरतो. तं डोयात पाणी आलं बिचारीच्या. म्हणे, मालक लढाईवर हायेत, त्यायनं जाताना सोताच्या हातानं भरलेली हाये, हे वाढवाची नाही. मंग म्या फुकट देल्ली लाख. धागा गुंडाळून वर लाख लावा म्हटलं. पण म्हटलं, आता काढघाल करू नका, मुठीवरून काढताच तुटन."

"काढघाल करू नका," मी म्हणाले.

"हो ना. काढली का गेली."

खिळ्याला टांगलेल्या बांगड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. त्या सगळ्या साबूत होत्या. मग पिचलेली कुठे होती? जी काढता येत नाही ती बांगडी, जिला बांगड्यांची मनाई आहे अशी नर्स, कामाच्या वेळी कुठे ठेवील?

डाव्या बाहीत आतून हळद. फय्याजने सांगितलं होतं. बाही कोपराच्या वर जात नाही. तिने स्वतःच सांगितलं होतं.

आत पाण्याचा आवाज थांबला.

५

मी दार ढकललं, पण पाय उंबऱ्याबाहेरच ठेवले. लतीफा टेबलावर होती, दात ओठात रुतलेले. डॉक्टर वाकलेले होते. गिरजा हात वर धरून उभी होती आणि तिच्या बोटांवरून लायसॉलचं पाणी मनगटाकडे, मनगटावरून बाहीच्या घडीत उतरत होतं.

"गिरजा, थांब. हात खाली कर."

"बाई, हात वरच ठेवाचे असतात. तुमीच तं..."

"खाली कर म्हणते ना!"

तिने हात खाली केले. उजव्या हातावरून काही आलं नाही. डाव्या बाहीच्या घडीतून मात्र पाण्याची एक रेघ निघाली, मनगट ओलांडून आली आणि बोटाच्या टोकाशी थांबली. खालच्या पांढऱ्या फरशीवर थेंब पडला. तो पिवळा होता.

"बाही वर कर."

ती हलली नाही. लतीफाने किंकाळी फोडली. सोजरबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी तिला मान हलवून खूण केली. ती आत गेली, गिरजाला खोलीबाहेर ओसरीवर घेऊन आली आणि मी डाव्या हाताने ती घडी उलगडली.

मनगट आणि कोपर यांच्या मध्ये एक हिरवी बांगडी घट्ट चढवलेली होती. पिचलेल्या जागी काळा धागा गुंडाळून वर लाख. धागा ओलाचिंब, आणि पिचलेल्या काचेची कड जिथे कातड्यात रुतत होती तिथे रुपयाएवढी चिघळलेली जखम. तिच्यात हळद कोंबलेली होती आणि हळदीच्या कडेने पू येत होता.

"हात तं स्वच्छ होते बाई," गिरजा पुटपुटली. "बांगडी हातात नव्हती. म्या वर ढकलली होती. हातापासून लांब."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खोटं कशाला लिहू? तीन मढी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ही मला अंतर सांगत होती. पण त्याला वेळ नव्हता.

"सोजरबाई, पायाळू पोरं किती काढलीस आजपर्यंत?"

"मोजली नाही बाई. चाळीस-पन्नास."

"हात धू. खांद्यापासून. दुसरं तसराळं घे, दुसरा ब्रश घे, हिने शिवलेलं काही घेऊ नको. डॉक्टर, तुम्ही सोजरबाईला नको म्हणालात तर मी इथेच आरडाओरडा करीन."

डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "लवकर करा."

मी उंबऱ्यावर उभी राहून घड्याळ बघत सोजरबाईला सांगत राहिले, अंगठ्याची बेचकी राहिली, नखं पुन्हा, कोपर पुन्हा. ती शिव्या देत देत सगळं करत होती, आणि तिच्या शिव्यांसारखं गोड मला त्या क्षणी दुसरं काही लागलं नसतं. अर्ध्या तासाने पोरगी झाली. आधी पाय, मग कंबर, मग बराच वेळ काहीच नाही, मग डोकं. ती रडली तेव्हा ओसरीवर जब्बारही रडायला लागला.

पण खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी होती. मी दर दोन तासांनी लतीफाचा ताप लावून घेत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पारा शंभरावर चढला आणि मी तो झटकून पुन्हा लावून घेतला. थंडी वाजली नव्हती. छाती दुधाने दगडासारखी झाली होती. पोर पाजलं, शेक दिला. संध्याकाळी पारा उतरला आणि पुन्हा चढला नाही. सातव्या दिवशी लतीफाने वरण-भात मागून घेतला.

६

डॉक्टरांना मी सगळं क्रमाने सांगितलं. मोजे होते तोवर हात झाकलेले होते. फाल्गुनात मोजे संपले, त्याच महिन्यात बांगडी पिचली. हात वर धरले की पाणी बाहीत जायचं, धाग्यात मुरायचं, जखमेतला पू घ्यायचं. कामाला हात खाली केले की तेच पाणी बोटांवर, आणि बोटांवरून बाळंतिणीच्या अंगात. जितकं जास्त धुणं, तितकं जास्त पाणी. घाईत धुतलं नाही तेव्हा धागा कोरडा राहिला आणि त्या दोघी वाचल्या.

"चूक तिची," डॉक्टर म्हणाले.

"अर्धी. माझ्या वर्गात एक पोरगी एक बांगडी घालून आली होती. साऱ्यांसमोर तिला घरी पाठवलं मी. नोकरी पाहिजे की बांगडी, एवढंच विचारलं. बांगडीखाली पाणी साचतं, हे सांगितलंच नाही. गिरजा पहिल्या बाकावर बसली होती. ती लपवायला शिकली."

डॉक्टरांनी रजिस्टर ओढून त्यात ते लिहून घेतलं. माझी समजूत घातली नाही, हे त्यांनी बरं केलं.

बांगडी जब्बारने वाढवली. गिरजाने हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. फाल्गुनापासून तिला नवऱ्याचा कागद नव्हता. ब्रह्मदेशात होता एवढंच ठाऊक.

"बांगडीत काच असते बाई, माणूस नसते," जब्बार म्हणाला. "मी रोज शंभर फोडतो." आणि काच कातड्याला न लागू देता त्याने ती एका दाबात मोकळी केली.

पंधरा दिवसांनी जखम भरली. मी जायला निघाले तेव्हा गिरजा म्हणाली, "त्या तिघींच्या घरी कोण सांगन?"

"मी सांगते."

"नाही. मी येतो."

दोन घरांत आम्हाला दारातूनच घालवून दिलं. एका घरी गिरजाच्या अंगावर चप्पल फेकली गेली. तिसरं घर किन्हीराजाचं. तीच म्हातारी अंगणात बसून शेळीचं दूध चिंधीने नातवाच्या तोंडात पिळत होती. नाव नानीबाई. तिने गिरजाच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. जखमेमुळे तिने अजून नव्या बांगड्या भरल्या नव्हत्या.

"तुयाबी गेला काय माय?"

"मालूम नाही," गिरजा म्हणाली. मग तिथेच मातीत बसून तिने सगळं सांगितलं. बांगडी, धागा, जखम, पाणी. एक शब्द गाळला नाही, एक शब्द स्वतःच्या बाजूने घातला नाही.

म्हातारी ऐकत होती. चिंधी दुधात बुडवत होती, पिळत होती. गिरजाचं बोलणं संपल्यावरही तिने तेच चालू ठेवलं. पोर झोपलं तेव्हा तिने मान वर केली.

"मायी धाकली सून भादव्यात बाळंत व्हनार हाय. तिचं मूल आडवं हाय म्हणते सुईण. आणू का नको दवाखान्यात?"

तिने मला विचारलं होतं. कोणत्या तोंडाने आणा म्हणणार?

"आणा," गिरजा म्हणाली. "पण मी नाही हात लावणार. डॉक्टर करतीन, सोजरबाई करन."

"काहून? तुले येत नाही काय?"

"येते."

"मंग तूच कर," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज मऊ नव्हता. "पण मी दाराशी उभी राहीन. तू हात धुताना पाहीन. खांद्यापासून पाहीन."

भादव्यात ती सुनेला घेऊन खरंच आली. मीही अकोल्याहून गेले होते. गिरजाने झग्याच्या बाह्याच कापून टाकल्या होत्या. म्हातारी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, दोन्ही हात पुढेमागे वळवून दाखवायला लावले, पुन्हा धुवायला लावले, आणि मग म्हणाली, "आता जा."

आतून पोराचं रडणं ऐकू आलं तेव्हा ती पायरीवर बसली आणि हौसाच्या नावाने पहिल्यांदा मोठ्याने रडली. गिरजा हात पुसत बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसून राहिली.